दहा वर्षे आणि गावची वही

५ जुलै १७६७ रोजी स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने एक सनद जारी केली. परदेशातून येऊन स्पेनमध्ये कायमचे राहू इच्छिणाऱ्या कुटुंबाला सरकार काय काय देणार, याची त्यात तपशीलवार यादी होती. पन्नास फानेगा जमीन (आजच्या मापाने तीस हेक्टरांच्या आसपास), शेतीची अवजारे, दोन गायी, पाच मेंढ्या, पाच शेळ्या, पाच कोंबड्या, एक कोंबडा आणि पैदाशीसाठी एक डुकरीण. आज स्पेनला निघालेल्या माणसाच्या हातीही एक यादी पडते, पण ती सगळी त्यानेच द्यायच्या कागदांची असते: पासपोर्ट, पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, बँकेचे उतारे, विम्याची पॉलिसी. शिवाय यांतले बरेचसे कागद अधिकृत अनुवादकाकडून स्पॅनिशमध्ये करून घ्यायचे आणि त्यांवर एपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा, शिक्काही आणायचा.

स्पेनमध्ये कसे जावे, कुठे राहावे, काय टाळावे हे सांगणाऱ्या पुस्तिकांचे आणि व्हिडिओंचे सध्या पेव फुटले आहे. ऊन, घरभाडे आणि दुपारी बंद होणारी दुकाने यांतच त्यांचा जीव रमतो. परक्या माणसाला आपल्यात घेण्याची या देशाची रीत मात्र शेकडो वर्षांची आहे आणि ती एकदा कळली की आजच्या कागदपत्रांच्या जंजाळाचा निम्मा उलगडा होतो. माणूस कोणत्या देशातून आला हे स्पेन विचारतोच, पण त्याआधी तो कोणत्या गावच्या वहीत नोंदलेला आहे हे पाहतो.

कार्लोस राजाची सनद कशासाठी निघाली, ते आधी पाहू. माद्रिदहून कादिझ बंदराकडे जाणारा रस्ता सिएरा मोरेना या डोंगररांगेतून जात असे. अमेरिकेशी चालणाऱ्या व्यापाराचा हा राजमार्ग. पण मैलोन्‌मैल वस्ती नाही, शेती नाही आणि वाटमाऱ्यांना मोकळे रान. तिथे गावे वसवली तर रस्ताही सुरक्षित होईल आणि पडीक जमीनही लागवडीखाली येईल, असा दरबारातल्या सुधारकांचा हिशेब होता. योहान कास्पार फोन थ्युरिगेल नावाच्या एका बव्हेरियन उचापत्याने सहा हजार कॅथलिक जर्मन आणि फ्लेमिश माणसे आणून देण्याचा मक्ता घेतला. त्याने जर्मन मुलखात वाटलेल्या जाहिरातपत्रकात स्पेनला चक्क ‘भाग्याचे बंदर’ म्हटले होते. परदेशात राहायला जाणाऱ्यांसाठी लिहिलेल्या स्वप्नाळू जाहिरातींची परंपरा अशी जुनी आहे.

माणसे आली. त्यांतले काही खरे शेतकरी होते, काही कारागीर होते, तर काहींनी आयुष्यात नांगर धरलेला नव्हता. घरे बांधून व्हायची होती, झोपड्याही पुरत नव्हत्या, आणि आंदालुसियाचा उन्हाळा म्हणजे काय याची या लोकांना कल्पना नव्हती. पहिल्या दोन वर्षांत तापाच्या साथींनी त्यांना झोडपून काढले. तरीही ला कारोलिना, ग्वारोमान, कार्बोनेरोस, सांता एलेना आणि पुढे दक्षिणेला ला कार्लोता, ला लुइसियाना, फुएंते पाल्मेरा ही गावे उभी राहिली आणि ती आजही नकाशावर आहेत.

या वसाहतींचा कारभार पाब्लो दे ओलाविदे या लिमात जन्मलेल्या अधिकाऱ्याकडे होता. सनदेतली कलमे त्या काळाला धक्का देणारी होती. गावात एकही मठ बांधायचा नाही. प्रत्येक मुलाने प्राथमिक शाळेत जायचेच, पण लॅटिनची उच्च पाठशाळा काढायची नाही. कारण शेतकऱ्याचा मुलगा लॅटिन शिकला की नांगर सोडतो, असे राज्यकर्त्यांना वाटत होते. एक कलम मात्र आजच्या वाचकानेही दोनदा वाचावे असे आहे. नव्या रहिवाशाने आपले घर वसते ठेवून दहा वर्षे गाव सोडायचे नाही. सोडले तर शिक्षा म्हणून फौजेत भरती.

ओलाविदेचे पुढे वाईट झाले. वसाहतीतल्याच एका जर्मन कॅपुचिन साधूने त्याच्याविरुद्ध इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाकडे तक्रार केली. १७७६ मध्ये त्याला पकडण्यात आले, १७७८ मध्ये धर्मद्रोही ठरवून आठ वर्षे मठात डांबण्याची शिक्षा झाली आणि त्यातून निसटून तो फ्रान्सला पळाला. त्याची गावे मात्र टिकली. जर्मन भाषा दोन-तीन पिढ्यांत विरून गेली, पाद्र्यांनी जन्मनोंदी लिहिताना आडनावे कानाला ऐकू आली तशी स्पॅनिश वळणाने लिहिली, पण ईस्टरला अंडी रंगवण्याची चाल यांतल्या काही गावांत अजून आहे. शेजारच्या जुन्या आंदालुसियन गावांत ती सापडत नाही.

ते दहा वर्षांचे कलम तिसऱ्या कार्लोसच्या डोक्यातून निघालेले नव्हते. तेराव्या शतकात दहाव्या अल्फोन्सोच्या काळी ‘सिएते पार्तिदास’ ही कायद्यांची संहिता तयार झाली. माणूस एखाद्या भूमीचा कोणकोणत्या मार्गांनी होतो हे तिथे मोजून सांगितले आहे आणि त्यांतला एक मार्ग म्हणजे, जन्म दुसरीकडचा असला तरी त्या भूमीत दहा वर्षे राहणे. १७१६ मध्ये पाचव्या फेलिपेच्या सरकारने गावचा रहिवासी कोणाला मानावे याची यादी केली: इथे जन्मलेला परदेशी, इथल्या बाईशी लग्न करून इथेच राहणारा, इथे जमीनजुमला घेतलेला, इथे कसबाचा धंदा करणारा आणि घर मांडून दहा वर्षे राहिलेला. १८१२ ची कादिझची राज्यघटना म्हणजे स्पेनमधल्या उदारमतवादाचा पहिला मोठा दस्तऐवज. तिच्या पाचव्या कलमातही राजाचे नागरिकत्वपत्र नसले तरी राज्यातल्या कोणत्याही गावात कायद्याने दहा वर्षांचा रहिवास मिळवलेला परदेशी हा स्पॅनिश, असे लिहिले आहे. मधल्या काळात कायद्याची भाषा अनेकदा बदलली. आजच्या नागरी संहितेतही नागरिकत्वासाठी कायदेशीर आणि अखंड वास्तव्याची सर्वसाधारण अट दहा वर्षांचीच आहे.

भारतीय माणसाला ही दहा वर्षे पूर्ण भरावी लागतात. लॅटिन अमेरिका, अँडोरा, फिलिपिन्स, इक्वेटोरियल गिनी आणि पोर्तुगाल इथल्या मूळ नागरिकांना व सेफार्दी ज्यूंना दोनच वर्षे पुरतात. जुन्या साम्राज्याची नातीगोती कायद्यात अशी शिल्लक राहिली आहेत. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोवेकराला तर स्पेनमध्ये राहायला व्हिसाच लागत नाही, कारण तो युरोपीय संघाचा नागरिक म्हणून जातो. बाकीच्यांनी दहा वर्षे काढल्यावर भाषेची आणि देशाच्या माहितीची अशा दोन परीक्षा द्यायच्या. त्यांतली दुसरी पंचवीस प्रश्नांची असते आणि पंधरा बरोबर आले की पास. अवघड नाही. खरी अडचण पुढे आहे: भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही, तेव्हा स्पॅनिश व्हायचे तर भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. अनेकजण म्हणूनच दीर्घकालीन वास्तव्याचे कार्ड घेऊन तिथेच थांबतात, आणि त्यात काही गैर नाही.

परक्याची नोंद ठेवण्यामागे नेहमी स्वागताचाच हेतू होता असे मात्र नाही. १७९१ च्या जुलैमध्ये, फ्रान्समध्ये क्रांती पेटलेली असताना, मंत्री फ्लोरिदाब्लांकाने सगळ्या परदेशी माणसांची नोंदणी करण्याचा हुकूम काढला. प्रत्येकाने सांगायचे, तू वाटसरू की रहिवासी? रहिवासी म्हणवून घ्यायचे तर कॅथलिक असायला हवे, राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला हवी आणि आपल्या देशाच्या वकिलाचे संरक्षण सोडायला हवे. वाटसरू राहायचे तर किरकोळ दुकान किंवा कारागिरी करता येणार नाही. दक्षिण फ्रान्समधून पिढ्यान्‌पिढ्या येऊन स्पेनमध्ये भांडी घडवणारे, पाव भाजणारे, फेरीचा धंदा करणारे हजारो लोक एका रात्रीत पेचात पडले. पोटाचा धंदा टिकवायचा तर निष्ठा बदलायची. एरवी कोणी फारसा न विचारलेला प्रश्न सरकारने अचानक विचारला की गरीब माणसाची किती कोंडी होते, याचा हा नमुना.

आता कागदाविषयी. १ जानेवारी १६३७ पासून कास्तीलमध्ये सरकारी शिक्क्याचा कागद सक्तीचा झाला. करारनामा, मृत्युपत्र, अर्ज, काहीही लिहायचे तर सरकारकडून विकत घेतलेल्या कागदावर. चौथ्या फेलिपेच्या युद्धखर्चाला हातभार म्हणून निघालेली ही युक्ती पुढे बऱ्याच देशांनी उचलली. आपल्याकडचा स्टँपपेपर त्याच कुळातला. तंबाखूची मक्तेदारीही त्याच सुमारास आली, आणि पुढे तंबाखू विकणाऱ्या सरकारमान्य दुकानातच टपालाची तिकिटे आणि शिक्क्याचे कागद मिळू लागले. एस्तांको नावाची ही दुकाने आजही गल्लोगल्ली आहेत. सिगारेट न ओढणाऱ्यालाही तिथे जावे लागते.

या कागदी राज्याची सर्वांत बोचरी थट्टा एका स्पॅनिश माणसानेच केली. मारियानो होसे दे लार्रा याने तेविशीत, जानेवारी १८३३ मध्ये, लिहिलेल्या लेखाचे शीर्षकच ‘उद्या या’ अशा अर्थाचे आहे. त्यात एक फ्रेंच गृहस्थ पंधरा दिवसांत सगळी कामे उरकण्याच्या तयारीने माद्रिदला येतो. घराण्याचे जुने हक्क शोधायचे, त्यांवर दावा लावायचा, एका उद्योगात भांडवल गुंतवायचे आणि उरलेल्या दिवसांत शहर पाहायचे, असा त्याचा आराखडा. वंशावळ काढणारा, भाषांतर करणारा, नक्कल करणारा, शिंपी, मोची, टोपीवाला, सगळे त्याला उद्याचा वायदा देतात. सरकारी कचेरीत तर त्याचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरता फिरता हरवतो. सहा महिन्यांनी तो रिकाम्या हाताने परत जातो. स्पेनविषयी सल्ला देणाऱ्या लेखनात या लेखाइतके उपयुक्त काही नंतर लिहिले गेले असेल तर ते आढळत नाही. विशेष म्हणजे लार्रा शेवटी देशबांधवांवर नुसता टोला मारून थांबत नाही. त्याच आळसाचा आरोप स्वतःवरही घेतो.

‘उद्या या’ म्हणणारे राज्य असले की ‘मी बघतो’ म्हणणारा माणूस जन्माला येतोच. दुसऱ्याची सरकारी कामे करून देणारे मुखत्यार स्पेनमध्ये आधीपासून होते. २८ नोव्हेंबर १९३३ च्या हुकुमाने त्यांच्या धंद्याला कायद्याची चौकट मिळाली आणि हेस्तोर अदमिनिस्त्रातिवो हा रीतसर पेशा झाला. आरटीओच्या फाटकाशी उभा राहणारा एजंट डोळ्यांसमोर आणावा आणि मग त्याला पदवी, व्यावसायिक संघाचे सभासदत्व, पाटी लावलेली कचेरी आणि पावतीपुस्तक द्यावे, म्हणजे हेस्तोर तयार होतो. गाडी नावावर करणे, स्वयंरोजगाराची नोंदणी, सामाजिक सुरक्षेचा हप्ता, दर तिमाहीचा कर, परदेशी रहिवाशाचा अर्ज, ही त्याची रोजची कामे. त्याला पैसे देणे म्हणजे लाच असे नव्याने आलेल्या भारतीयाला वाटण्याची शक्यता असते. तसे अजिबात नाही. स्पॅनिश माणसेही त्याच्याकडेच जातात, आणि त्याची फी वाचवायला निघालेला माणूस बहुधा दुप्पट वेळ घालवतो.

इंग्रजांनी मात्र स्पेनमध्ये राहण्याच्या सल्ल्याचाच एक साहित्यप्रकार करून टाकला. रिचर्ड फोर्ड बायकोची प्रकृती सुधारावी म्हणून १८३० मध्ये सेव्हियाला आला, तीन वर्षे राहिला, काही काळ तर ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा महालात बिऱ्हाड मांडून. घोड्यावरून त्याने देश पिंजून काढला. १८४५ मध्ये निघालेले त्याचे दोन खंडी मार्गदर्शक पुस्तक हजाराच्या वर पानांचे आहे. आधीचा खर्डा इतका तिखट होता की छापूनही तो मागे घ्यावा लागला. खेचरवाल्याशी कसे बोलावे, खानावळीत काय मागावे, सीमेवर चुंगीवाल्याला कसे हाताळावे, हे सगळे त्यात आहे. आणि समोरच्याशी अदबीने वागा, मग अर्धे काम झाले समजा, हा त्याचा सूर आजही खरा ठरतो. १९१९ साली पहिल्या महायुद्धातून सुटून आलेला जेराल्ड ब्रेनन त्याच्या पुढे गेला. ग्रानादाच्या दक्षिणेला डोंगरातल्या येगेन या खेड्यात त्याने घर भाड्याने घेतले, इंग्लंडहून सुमारे दोन हजार पुस्तके मागवली आणि पुढची काही वर्षे गावकऱ्यांत राहिला. व्हर्जिनिया वुल्फही त्या घरी येऊन गेली. त्याचे येगेनवरचे पुस्तक १९५७ मध्ये आले आणि डोंगरातले पांढरे घर शोधत येणाऱ्या परदेशी लोकांची तिथे रीघ लागली.

इंग्रज लेखकांचा गाजावाजा झाला. सिंधी व्यापाऱ्यांचा झाला नाही, आणि खरे तर स्पेनमध्ये तग धरण्याची विद्या त्यांना जास्त साधली होती. १८५२ मध्ये स्पेनने कॅनरी बेटांची बंदरे करमुक्त केली. युरोपहून आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेकडे जाणारी जहाजे कोळसा-पाण्यासाठी तिथे थांबत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबाद (सिंध) इथल्या पेढ्यांनी तिथे दुकाने थाटली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होता. १९३६ मध्ये तो वेगळा झाला. या पेढ्यांचा पसारा मुंबईहूनच सुरू झाला होता. रेशीम, भरतकाम, पितळी वस्तू साहेबांना विकता विकता ते इजिप्त, माल्टा, जिब्राल्टर करत अटलांटिकपर्यंत पोहोचले. हैदराबादेतून तरुण पोरे अडीच-तीन वर्षांच्या करारावर नेली जात; जेवणखाण मालकाकडे, पगाराचा मोठा भाग घरी. करार संपला की परत, आणि जमले तर पुन्हा नवा करार.

फाळणीनंतर चित्र पालटले. परत जायला सिंध राहिला नाही. कुटुंबे मुंबईत, उल्हासनगरच्या छावण्यांत विखुरली आणि बेटांवरच्या नोकरदारांनी तिथेच स्वतःची दुकाने काढून बायका-मुलांना बोलावून घेतले. साठ आणि सत्तरच्या दशकात स्पेनच्या मुख्य भूमीवर आयात मालावर जबर कर असताना लास पाल्मास आणि सांताक्रूझ इथल्या ‘इंडियन बझार’मधून जपानी रेडिओ, कॅमेरे आणि घड्याळे घेऊन जाणे हा स्पॅनिश मध्यमवर्गाचा सहलीतला ठरलेला कार्यक्रम झाला. मोरोक्कोच्या किनाऱ्यावरच्या सेउता आणि मेलिया या स्पॅनिश शहरांतही सिंधी व्यापारी स्थिरावले. सेउता स्वतःला चार संस्कृतींचे शहर म्हणवते आणि त्यांतली एक हिंदू. २०१७ च्या गणेशोत्सवात तिथल्या मिरवणुकीतली गणेशमूर्ती आफ्रिकेच्या माउलीच्या चर्चमध्ये नेण्यात आली, भक्तांचे स्वागत झाले, गाणी झाली. नंतर त्यावरून वाद पेटला आणि चर्चच्या स्थानिक प्रमुखाला पद सोडावे लागले. देवाचे काही बिघडले नाही. मिरवणुकीची चित्रफीत मात्र जगभर गेली.

याच काळात उत्तरेकडून दुसरी लाट येत होती. १९५९ मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने आर्थिक धोरण पालटले, पेसेताचा भाव डॉलरला साठवर आणला आणि पश्चिम युरोपातल्या पर्यटकांवरची व्हिसाची अट काढली. १९६० मध्ये सुमारे साठ लाख पर्यटक आले, १९७३ मध्ये जवळपास साडेतीन कोटी. बेनिदोर्म हे मासेमारीचे गाव होते. तिथल्या पेद्रो सारागोसा या महापौराने बिकिनीला परवानगी दिली आणि त्यावरून गहजब झाल्यावर व्हेस्पा स्कूटरवरून थेट माद्रिद गाठून फ्रँकोची भेट घेतली, असे सांगतात. पंधरा दिवसांसाठी आलेल्यांतले काही निवृत्तीनंतर कायमचे आले. ब्रिटिश, जर्मन, डच, नॉर्वेजियन. आलिकांते प्रांतातल्या सान फुल्हेन्सिओ किंवा रोहालेस या गावांत पुढे स्पॅनिश लोकांपेक्षा परदेशीच जास्त झाले.

आणि यांतल्या पुष्कळांनी गावच्या वहीत नावच लावले नाही. वही म्हणजे पाद्रोन, नगरपालिकेची रहिवासी-नोंद. एके काळी कर कोणी भरायचा आणि कोण उमराव म्हणून सुटायचा हे याच वहीवरून ठरे. आज तिच्यात नाव घातले म्हणजे कर मागे लागेल अशी धास्ती अनेक निवृत्त परदेशी लोकांना वाटते. प्रत्यक्षात कराचा हिशेब देशात काढलेल्या दिवसांवरून आणि उत्पन्नाच्या केंद्रावरून होतो. वर्षात १८३ दिवसांहून अधिक राहिले की नाव वहीत असो वा नसो, कर लागू होतो. नुकसान होते ते गावाचे. सरकारी निधी नोंदलेल्या लोकसंख्येवर मिळतो, म्हणजे दहा हजार माणसांचा कचरा उचलायचा आणि पैसे सहा हजारांचे घ्यायचे. किनाऱ्यावरच्या नगरपालिका म्हणूनच इंग्रजी आणि जर्मनमध्ये पत्रके काढून ‘नाव नोंदवा’ म्हणून विनवत असतात. १९९९ पासून युरोपीय संघाच्या नागरिकांना तिथल्या स्थानिक निवडणुकीत मतही देता येते, तेही नाव नोंदलेले असेल तरच.

घर घेताना तर या मंडळींची आणखी फसगत झाली. स्पेनमध्ये मालकीची नोंद ठेवणारे कार्यालय १८६१ च्या कायद्याने आले आणि ते चोख आहे. थोड्या पैशांत कोणत्याही मालमत्तेचा उतारा मिळतो, कर्ज, बोजा, जप्ती सगळे त्यात दिसते. पण मालकी स्वच्छ असणे वेगळे आणि बांधकाम वैध असणे वेगळे. जानेवारी २००८ मध्ये अल्मेरिया प्रांतातल्या व्हेरा इथे एका वृद्ध ब्रिटिश जोडप्याचे घर बुलडोझरने पाडले. नगरपालिकेचा परवाना त्यांच्याकडे होता. प्रादेशिक सरकारने तो बेकायदा ठरवला होता. जवळच्या आल्बोक्स परिसरात अशी शेकडो घरे निघाली. महाराष्ट्रात गुंठेवारीचे प्लॉट घेतलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मालकीचा उतारा पाहिल्यावर नगरपालिकेत जाऊन जमीन कोणत्या वापराची आहे हे विचारण्याचे कष्ट घ्यावेत, आणि विकणाऱ्याचाच वकील कधीही वापरू नये.

स्पेनला परदेशी माणसांचा स्वतंत्र कायदा १ जुलै १९८५ रोजी मिळाला, युरोपीय समुदायात दाखल होण्याच्या सहा महिने आधी. तोवर हा देश माणसे बाहेर पाठवणारा होता. मग वारे फिरले. १९९८ मध्ये नगरपालिकांच्या वह्यांत साडेसहा लाखांहून कमी परदेशी होते, २०१० मध्ये साडेसत्तावन्न लाखांच्या आसपास. मोरोक्को, इक्वेडोर, रुमेनिया, पाकिस्तान आणि पंजाबातूनही माणसे आली; बांधकामावर, हरितगृहांत, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत लागली. पुष्कळांकडे परवाना नव्हता. तरीही नाव वहीत घालता येत होते, कारण पाद्रोन एकच गोष्ट नोंदते: हा माणूस इथे राहतो.

त्या नोंदीचे मोल २००५ मध्ये कळले. फेब्रुवारी ते मे या तीन महिन्यांत सरकारने बिनपरवाना कामगारांना कायदेशीर करण्याची मोहीम काढली. अट होती नोकरीच्या कराराची आणि आदल्या ऑगस्टच्या आधीपासून वहीत नाव असण्याची. सुमारे सात लाख अर्ज आले, साडेपाच लाखांहून अधिक मंजूर झाले. ज्यांनी पोलिसांच्या भीतीने नाव घातले नव्हते ते आपण इथेच होतो याचा पुरावा शोधत फिरले. २०१० च्या जानेवारीत कातालोनियातल्या विक या शहराने बिनपरवाना लोकांची नावे घेणार नाही असे जाहीर केले, तेव्हा सरकारच्या कायदेविभागाने बजावले की नाव घेणे हे नगरपालिकेचे कर्तव्य आहे, मर्जी नव्हे. विकला माघार घ्यावी लागली. आजही काही वर्षे बिनपरवाना काढलेल्याला ‘आर्राइगो’च्या, म्हणजे मूळ धरल्याच्या, आधारावर परवाना मागता येतो; ही मुदत पूर्वी तीन वर्षे होती, मे २०२५ पासून दोन झाली. पुरावा म्हणून पहिला कागद पुढे येतो तो पाद्रोनचाच.

श्रीमंतांसाठी दुसरा दरवाजाही होता. २०१३ च्या कायद्याने पाच लाख युरोंची मालमत्ता घेणाऱ्याला वास्तव्याचा परवाना मिळू लागला. घरांच्या किमतींवरून ओरड झाल्यावर ३ एप्रिल २०२५ रोजी तो बंद झाला. पैशाने विकत मिळणारी वाट बारा वर्षेही टिकली नाही.

पुण्या-मुंबईहून शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्याने म्हणून क्रम लक्षात ठेवावा. उतरल्यावर आधी घर, आणि घर घेतानाच मालकाला विचारायचे: या पत्त्यावर नाव नोंदवू देणार का? नाही म्हणणारे मालक पुष्कळ असतात. ते घर स्वस्त असले तरी सोडावे. मग पासपोर्ट आणि भाडेकरार घेऊन नगरपालिकेत जायचे. दाखला मिळतो, पण बहुतेक कचेऱ्या तो तीन महिन्यांपर्यंतचाच ताजा मानतात, तेव्हा लागेल तसा नवा काढायचा. सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्याने पहिल्या महिन्याच्या आत पोलिसांकडे बोटांचे ठसे देऊन कार्ड काढायचे. त्यावरचा परदेशी ओळख क्रमांक एका अक्षराने सुरू होतो, मग सात आकडे, मग पुन्हा एक अक्षर. आधी सुरुवातीला एक्स असे. ते क्रमांक संपत आल्यावर २००८ मध्ये वाय आणि झेडची सोय केली गेली. शेवटचे अक्षर म्हणजे आकड्याला तेवीसने भागल्यावर उरलेल्या बाकीची खूण असते, त्यामुळे एखादा आकडा चुकला की संगणक लगेच अर्ज परत करतो. या कचेऱ्यांची वेळ आधी ठरवावी लागते आणि मोठ्या शहरांत ती मिळता मिळत नाही. फुकटच्या या वेळा अडवून विकणाऱ्या टोळ्यांना पोलिसांनी पकडलेलेही आहे. विकत घेऊ नये, पहाटे संगणकासमोर बसावे किंवा हेस्तोरला सांगावे.

आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. युरोपीय संघाबाहेरच्या ज्या माणसाकडे दीर्घकालीन वास्तव्याचे कार्ड नाही, त्याने पाद्रोनमधले नाव दर दोन वर्षांनी नगरपालिकेत जाऊन नवे करायचे असते. केले नाही तर नाव वहीतून कमी होते.